न मारता पुढे जायचं : जुन्या टीव्ही गेममधलं बेसबॉल खेळतात कसं?

मे महिन्यात भाची आठ दिवस राहायला आली होती. तिच्या निन्टेन्डो स्विच या गेम खेळायच्या यंत्रात जुन्या गेमचा एक खण आहे. त्यात चाळता चाळता तिला पांढऱ्या टोपीतली ठेंगणी माणसं सापडली आणि तिनं 'बेसबॉल' सुरू केलं. पाच मिनिटांत तिचे तीन डाव आटोपले. चेंडू आला की बटण, चेंडू आला की बटण. शेवटी रिमोट मांडीवर ठेवून तिनं विचारलं, "मामा, मी एकदाही बोल्ड झाले नाही, मग आऊट कशी?"

हाच प्रश्न मला १९९६ साली पडला होता. तेव्हा तो विचारायला कुणी नव्हतं. आमच्याकडे टीव्ही गेमची '९९९९९९ इन १' अशी पिवळी कॅसेट होती. तिच्यात मारियो, काँट्रा आणि रणगाड्यांच्या गर्दीत हे बेसबॉल बसलेलं. सुरुवातीला संघ निवडायचा तर पडद्यावर नुसती सहा अक्षरं यायची. डब्ल्यू म्हणजे वेस्ट इंडीज आणि एस म्हणजे श्रीलंका, हे आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. भारताचा आय कुठंच नसल्यानं मावसभाऊ नाइलाजानं डी घ्यायचा. म्हणे, दिल्ली.

२०२८ मध्ये लॉस एंजलिसच्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट येतंय. १९०० च्या पॅरिसनंतर पहिल्यांदाच. त्याच ऑलिंपिकमध्ये बेसबॉलही परत येतंय. म्हणजे आपल्याकडचे लोक क्रिकेटसाठी टीव्ही लावणार आणि अधूनमधून बेसबॉल समोर येणार. घरोघरी भाचीचाच प्रश्न विचारला जाईल. तो सोडवायला खऱ्या सामन्यापेक्षा हा जुना गेम बरा, कारण यात खेळाचा सांगाडा तेवढा ठेवलाय, बाकी सगळा मालमसाला काढून टाकलाय.

आधी कॅसेटची कुळकथा

निन्टेन्डो कंपनीनं जपानमध्ये 'फॅमिकॉम' हे यंत्र १५ जुलै १९८३ ला आणलं आणि त्याच वर्षी ७ डिसेंबरला त्यावर 'बेसबॉल' आलं. १९८५ मध्ये तेच यंत्र नवं रूप घेऊन न्यूयॉर्कमध्ये विकायला ठेवलं, तेव्हा पहिल्या दिवसापासून सोबत असलेल्या गेममध्ये हाही होता. ते साहजिकच होतं. व्हिडिओ गेमच्या धंद्याचं तिथं नुकतंच दिवाळं वाजलेलं, त्यामुळे गिऱ्हाइकाला ओळखीचं काहीतरी दाखवणं भाग होतं. जपान आणि अमेरिका, दोन्हीकडे लहान पोराच्या हातात आधी बेसबॉलच येतो.

आपल्याकडे बहुतेक घरांत आलं ते या यंत्राच्या नकलेचीही नक्कल झालेलं रूप. त्याला आपण 'टीव्ही गेम' म्हणायचो, कार्ट्रिजला 'कॅसेट' आणि कंट्रोलरला 'रिमोट'. कॅसेट चालली नाही की काढून फुंकायची. सोबत माहितीपुस्तक नसायचंच. आणि ज्यानं हा गेम बनवला त्यानं धरूनच चाललं होतं, की खेळणाऱ्याला बेसबॉलचे नियम आईच्या दुधाबरोबर मिळालेत. आमची पंचाईत तिथं झाली.

चार बेस, एक चक्कर

पतंग जमिनीवर ठेवलाय आणि त्याचं एक टोक आपल्याकडे आहे, असं समजा. हे खालचं टोक म्हणजे होम. तिथं बॅटर उभा राहतो. उजवं टोक पहिला बेस, वरचं टोक दुसरा, डावं टोक तिसरा. प्रत्यक्ष मैदानात दोन बेसमधलं अंतर ९० फूट असतं. पतंगाच्या पोटात उभा राहून चेंडू फेकणारा तो पिचर.

बॅटरनं चेंडू मारायचा आणि पहिला, दुसरा, तिसरा अशी चक्कर पुरी करून होमला परत यायचं. तेव्हा एक धाव. सगळी चक्कर एका दमात मारायची सक्ती नाही. पहिल्या बेसवर थांबलात तर पुढच्या बॅटरच्या फटक्यावर पुढे सरकायचं. बेसवर पाय आहे तोवर सहसा कुणी हात लावू शकत नाही. मधल्या वाटेत गाठलं तर संपलं. पकडापकडीत आपण ठरवलेलं 'घर' असायचं ना, अगदी तसंच.

तीन गडी बाद झाले की बाजू बदलायची. असे नऊ डाव. पहिला घोटाळा इथं होतो, कारण आपल्या डोक्यात डाव म्हणजे दहा विकेट आणि दुपार. इथला डाव कधी कधी चहा गाळेपर्यंत आटोपतो.

क्रिकेट बघून तयार झालेल्या डोळ्याला आणखी एक गोष्ट खटकते. इथं बाद होणं ही रोजची बाब आहे. खऱ्या बेसबॉलमध्ये दहातल्या तीन वेळा चेंडू मारून सुखरूप बेस गाठणारा बॅटर चांगला समजतात. उरलेल्या सात वेळा तो बहुतेक मान खाली घालून परतलेला असतो. तेव्हा तीन बाद झाले म्हणून रिमोट आपटू नये.

स्ट्राइक आणि बॉल : सगळी मेख इथंच

होमवर जमिनीत एक पांढरी पाटी बसवलेली असते, १७ इंच रुंद. तिच्यावरून, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीतून गेलेला चेंडू सरळ धरतात. त्या चौकटीबाहेरून गेलेला चेंडू म्हणजे आपल्या भाषेत वाइड. चेंडू मैदानात मारला गेला नाही, तर चार गोष्टी होऊ शकतात.

चेंडू चौकटीतून आला आणि बॅटरनं सोडला, तर स्ट्राइक. चेंडू कुठूनही आला आणि बॅटरनं बॅट फिरवली पण लागला नाही, तरी स्ट्राइक. चेंडू बाहेरून गेला आणि बॅटरनं बॅट हलवली नाही, तर 'बॉल'. या शब्दानं माझ्या पिढीचा फार घात केलाय. चेंडूलाही बॉल म्हणायचं आणि पिचरच्या चुकीलाही बॉलच. राहिली चौथी गोष्ट. बॅट लागली, पण चेंडू पतंगाच्या खालच्या दोन कडांच्या बाहेर गेला, तर फाऊल. फाऊल म्हणजेही स्ट्राइकच. फक्त दोन स्ट्राइक आधीच झालेले असतील तर फाऊलनं तिसरा मोजत नाहीत.

तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर हेच. दांड्या उडाल्या नाहीत, झेल गेला नाही, तरी ती तीनदा चुकली म्हणून बाद.

उलट चार 'बॉल' झाले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो. यात काही गैर नाही, आळस नाही, नशीबही नाही. चार वाइड चेंडू ओळखले आणि हात आवरला, त्याची ही मजुरी.

आता क्रिकेटशी ताडून बघा. ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडला तर फलंदाजाच्या खात्यात काही पडत नाही. फार तर समालोचक 'चांगली सोडली' म्हणतो. गल्लीत तर चेंडू सोडणाऱ्याला शिव्याच मिळायच्या, कारण मागे नंबर लावून चौघं उभे असायचे. त्या संस्कारात वाढलेला अंगठा या गेममध्ये दर चेंडूला बटण दाबणारच. आणि गेम नेमकी याचीच वाट बघत असतो. मी कित्येक वर्षं बेसबॉल हा मारायचा खेळ समजत होतो. अर्धा खेळ न मारण्याचा आहे. हे कळायला मला पंचविशी उलटावी लागली आणि तेही दुसऱ्या कुणाला तरी खेळताना बघून.

म्हणून पहिल्यांदा खेळणाऱ्याला माझं एकच सांगणं असतं. पहिला अख्खा डाव बटणाला हात लावू नका. नुसतं बघा. आलेला प्रत्येक चेंडू पाटीवरून गेला की बाजूनं, हे मोठ्यानं म्हणा आणि मग पडद्यावर काय उमटतं ते ताडा. गेममध्ये उंचीची भानगड जवळजवळ नाही. चेंडू पाटीच्या डावीकडून जातोय की उजवीकडून, एवढं ओळखलं तरी पुरतं. तीन बॅटर बाद होतील, होऊ द्या. किंवा होणारही नाहीत. एखादा चालत पहिल्या बेसवर जाईल आणि तुम्ही चकित व्हाल.

रिमोटवरची फुली म्हणजेच मैदान

रिमोटवर डावीकडे अधिकच्या चिन्हासारखं बटण असतं. ही फुली निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये हातात धरून खेळायच्या 'डाँकी काँग'साठी बसवली आणि पुढे ती जगभर पसरली. बेसबॉलमध्ये तिची तीन वेगळी कामं आहेत.

पिचर म्हणून खेळताना फुलीनं चेंडूची जात ठरते. खाली दाबून टाकलात तर जोरात, वर दाबून टाकलात तर हळू, डावंउजवं दाबलंत तर चेंडू त्या अंगाला वळतो. चारच भाज्या आहेत, पण ताट कसं वाढायचं ते तुमच्या हातात. सलग दोन जोरदार टाकले की समोरच्याचा अंगठा त्या वेगाला सरावतो. तिसरा हळू टाका. तो चेंडू यायच्या आधीच बॅट फिरवून मोकळा होतो. आमच्या मावसभावाचा हा हातखंडा होता. आणि हळू टाकताना तो मुद्दाम 'आता बघ हां फास्ट' म्हणायचा.

बॅटर म्हणून खेळताना फुलीनं बॅटरला त्याच्या चौकोनात सरकवायचं. पाटीजवळ गेलात तर बाहेरचा चेंडू आवाक्यात येतो, पण आत वळणारा मुठीजवळ लागतो. लांब उभे राहिलात तर उलटं. बॅट कधी फिरवली यावर दिशा ठरते. उजव्या हातानं खेळणाऱ्यानं लवकर फिरवली तर चेंडू डावीकडे, तिसऱ्या बेसच्या अंगाला जातो. उशिरा फिरवली तर उजवीकडे. नुसतीच बॅट आडवी धरून चेंडू पायाशी थोपवायचा, याला बंट म्हणतात. टेनिस बॉलवर आपण टुकटुक करून पळायचो, तसंच.

तिसरं काम क्षेत्ररक्षणाचं. ते समजलं की गेम एकदम उलगडतो. फुली म्हणजेच पतंग. उजवं टोक पहिला बेस, वरचं दुसरा, डावं तिसरा, खालचं होम. चेंडू हातात आला की ज्या बेसवर फेकायचा त्या दिशेला फुली दाबून फेकायचं बटण दाबायचं. धावकांनाही हीच दिशा. एक बटण पुढे धाडायला आणि दुसरं माघारी बोलवायला. आम्ही लहानपणी फुली दाबतच नव्हतो. त्यामुळे आमचा चेंडू भलतीकडे जायचा आणि समोरचा आरामात चक्कर मारून यायचा. आम्हाला वाटायचं कॅसेट खराब आहे. काढून फुंकायचो.

'मी मारला, जमिनीवरून गेला, झेलही नाही. मग आऊट कशी?'

भाचीचा दुसरा प्रश्न. याचं उत्तर खो-खोत आहे.

बॅटरनं मैदानाच्या आत चेंडू मारला की त्याला पहिल्या बेसकडे पळावंच लागतं. क्रिकेटसारखं 'नाही रे' म्हणून थांबता येत नाही. आता पहिल्या बेसवर आधीच आपला माणूस उभा असेल तर? एका बेसवर दोघं राहू शकत नाहीत. मागून येणाऱ्यानं त्याला खो दिलाय, त्याला जागा सोडून दुसऱ्या बेसकडे पळणं भाग आहे. असा खो मिळालेल्या माणसाला बाद करणं सोपं असतं. त्याला हात लावायची गरज नाही. तो पोचायच्या आधी चेंडू त्या बेसवर पोचला आणि तिथल्या माणसाचा पाय बेसवर असला की झालं. आपल्या रनआऊटचाच भाऊ, फक्त दांड्यांऐवजी बेस.

ज्याला खो मिळालेला नाही, म्हणजे मागचा बेस मोकळा असताना जो स्वतःच्या हौसेनं पळतोय, त्याला मात्र चेंडू हातात धरून प्रत्यक्ष शिवावं लागतं. तो मागे पळू शकतो, हुलकावणी देऊ शकतो. मग दोन बेसच्या मधे त्याला कोंडून चेंडू इकडून तिकडे फेकत बसायचं. गेममधली ही सगळ्यात मजेची दहा सेकंदं. दोन्ही रिमोटवर नुसता टकटकाट चालतो.

खो लक्षात आला की एका फटक्यावर दोघं बाद कसे होतात तेही समजतं. पहिल्या बेसवर माणूस आहे, बॅटरनं चेंडू जमिनीवरून मारला. आधी दुसऱ्या बेसवर फेका, खो मिळालेला गेला. तिथून लगेच पहिल्यावर फेका, बॅटरही गेला. रिमोटवर याचं भाषांतर : वर आणि फेक, उजवं आणि फेक. अंगठ्याला ही सवय लागली की समोरच्याला खेळणं नकोसं होतं.

झेलाचा नियम आपल्याला माहीत आहे. फक्त एक जोड. चेंडू हवेत असताना धावक बेस सोडून पुढे गेला असेल आणि झेल घेतला गेला, तर त्याला आधी मूळ बेसवर परत यावं लागतं. तो परत येण्याआधी चेंडू तिथं पोचला तर तोही बाद.

'माझा फिल्डर मला पळवता का येत नाही?'

ही तक्रार रास्त आहे. या गेममध्ये क्षेत्ररक्षक आपणहून चेंडूमागे धावतात. तुम्ही फक्त फेकायचं ठरवता. कधी कधी समोरून चेंडू जात असताना तो गडी अशा चालीनं निघतो, जणू रविवारी भाजी आणायला चाललाय. तुम्ही फुली कितीही दाबा, त्याला ऐकू येत नाही.

हे असं का केलं असावं, याचा अंदाज यंत्राकडे बघून बांधता येतो. अख्खा गेम २४ किलोबाइटमध्ये बसवलाय. सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूर्योदयाचा 'शुभ सकाळ' येतो, तो याच्या कितीतरी पट मोठा असतो. यंत्राची कामाची स्मृती २ किलोबाइट. हलणारी चित्रं छोट्या तुकड्यांनी बनायची. पडद्यावर असे एकूण ६४ तुकडे आणि एका आडव्या रेषेत फक्त ८. माणूस दोन तुकडे रुंद धरला तर एका ओळीत चारच माणसं मावली. पाचवा आला की कुणीतरी दिसेनासं होतं किंवा लुकलुकतं. बेसबॉलला तर नऊ क्षेत्ररक्षक, एक बॅटर आणि बेसवर तीनपर्यंत माणसं लागतात. त्यात रिमोटला दोनच बटणं. नऊ जणांतला आत्ता कोण हलवायचा हे खेळणाऱ्यानं कसं सांगायचं? १९८३ मध्ये त्यांनी तो प्रश्न सोडवला नाही, सरळ टाळला. मला तो निर्णय पटतो. खेळाचा जीव पिचर आणि बॅटरमध्ये आहे, तो त्यांनी नीट जपला.

तीनच वर्षांनी, डिसेंबर १९८६ मध्ये, नामको या कंपनीचं 'फॅमिली स्टेडियम' आलं. त्यात क्षेत्ररक्षक आपल्या हुकमाखाली आले आणि प्रत्येक खेळाडूला स्वतंत्र गुण मिळाले. हाच गेम अमेरिकेत 'आर.बी.आय. बेसबॉल' या नावानं गेला, तिथल्या खऱ्या खेळाडूंच्या नावांसह. ज्यांना फिल्डर पळवायचाच आहे त्यांनी तो शोधावा. शिकायला मात्र निन्टेन्डोचाच सोपा.

'संघ सगळे सारखेच, मग निवडायचे कशाला?'

कपड्यांच्या रंगासाठी. खरंच, दुसरं काही नाही. सहाही संघ खेळात सारखे आहेत.

पण ती अक्षरं वेस्ट इंडीजची नव्हती. जपानी कॅसेटमध्ये जी, टी, डी, सी, एस, डब्ल्यू अशी अक्षरं आहेत आणि ती तिथल्या बेसबॉलच्या सेंट्रल लीगमधल्या तेव्हाच्या सहा संघांची : जायंट्स, टायगर्स, ड्रॅगन्स, कार्प, स्वॅलोज आणि व्हेल्स. नावं वापरायचा परवाना नव्हता, म्हणून नुसती आद्याक्षरं. जपानी पोराला तेवढं पुरेसं होतं. टोकियोच्या जायंट्सचा आणि ओसाकाकडच्या टायगर्सचा उभा दावा तिथं सगळ्यांना ठाऊक असतो. अमेरिकेतल्या कॅसेटमध्ये अक्षरं बदलली. तिथला वाय म्हणजे न्यूयॉर्कचे यँकीज आणि डी म्हणजे लॉस एंजलिसचे डॉजर्स. डॉजर्सच्याच स्टेडियमवर २०२८ चं ऑलिंपिक बेसबॉल होणार आहे. मावसभावाची दिल्ली निदान अक्षरापुरती तिथं पोचली म्हणायची.

'कॉम्प्युटर चीटिंग करतो'

करत नाही, पण त्याला एक फायदा आहे. तो हावरा नाही. बाहेर जाणाऱ्या चेंडूला आपण भुलतो, तेवढा तो भुलत नाही. त्याच्याशी खेळताना दहा धावांनी मागे पडलात तर सामना तिथंच आवरता घेतात, त्यामुळे लाज फार वेळ चालत नाही.

आणि एक शंका मात्र खरी असू शकते : 'मी वेळेवर दाबलं तरी उशीर होतो.' हा दोष कदाचित तुमच्या टीव्हीचा असेल. हा गेम सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. जुन्या जाड टीव्हीवर चित्र लगेच उमटायचं. आजचा सपाट टीव्ही चित्र घासूनपुसून मग दाखवतो, त्यात काही चित्रांइतका वेळ जातो. खऱ्या मैदानात ताशी १५० किलोमीटरनं टाकलेला चेंडू जेमतेम ०.४ सेकंदात बॅटरपर्यंत येतो. गेममध्ये तितकी घाई नाही, तरी दोनचार चित्रांचा फरक म्हणजे मैदानातला फटका आणि फाऊल यांच्यातला फरक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो लावा. घरात भांडणं कमी होतात.

एक डाव, जवळून

हे सगळं मी भाचीला एकदम सांगितलं नाही. तिनं ऐकलंही नसतं. स्ट्राइक आणि बॉल तेवढं सांगितलं, टीव्हीचा मोड बदलला आणि समोर बसलो. मी पिचर, ती बॅटर. तिचा एकही गडी बाद नव्हता.

पहिला मी जोरात, पाटीवरून टाकला. तिनं सोडला. स्ट्राइक. माझ्याकडे संशयानं बघितलं. दुसरा उजवीकडे वळवला, ती हलली नाही. बॉल. तिसरा तसाच, पुन्हा बॉल. चौथा हळू टाकला, बरोबर मधे, आणि तिनं घाईनं बॅट फिरवली. चेंडू यायच्या कितीतरी आधी. दोन स्ट्राइक, दोन बॉल. पाचव्याला मी पुन्हा बाहेर टाकला. तिचा अंगठा बटणावर चढला, थरथरला आणि उतरला. तीन बॉल.

आता माझी पंचाईत. आणखी एक बाहेर गेला तर ती फुकटात बेसवर. आत टाकला तर मारणार. खऱ्या मैदानातही नेमक्या याच घडीला सगळं स्टेडियम उभं राहतं. मी डावीकडे, पाटीच्या कडेवर टाकायला गेलो आणि चेंडू केसभर जास्तच वळला. तिनं दोन्ही हात रिमोटवरून उचललेले होते, मोह नको म्हणून.

चौथा बॉल. तिचा बॅटर तुरूतुरू पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला.

"मी काय केलं?" तिनं विचारलं.

"काहीच नाही."

ती इतकी खूश झाली की पुढच्या बॅटरचा पहिलाच चेंडू तिनं जीव खाऊन मारला. जमिनीवरून, पिचरच्या डाव्या अंगानं. माझ्या गड्यानं चेंडू उचलला. मी वर दाबून फेकला, मग उजवं दाबून फेकला. पडद्यावर दोनदा आऊट उमटलं.

"एका बॉलला दोघं?" ती उठून उभी राहिली. "दुसरा कशाला पळाला? त्याला कोणी सांगितलं होतं पळायला?"

"खो मिळाला ना त्याला."

"कोणी दिला?"

"तूच."

तिनं रिमोट घट्ट धरला, पुढच्या बॅटरला पाटीपासून जरा लांब सरकवलं आणि म्हणाली, "टाक."